गॅरंटी कोणाची?

नरसी नामदेवच्या एका दुकानात परवा एक शेतकरी विजेरी घेत होता. ‘गॅरंटी आहे का?’ त्याने विचारले. ‘गॅरंटी नाही, वॉरंटी आहे,’ दुकानदार म्हणाला. बिघडल्यास बदलून मिळणार नाही, दुरुस्त करून मिळेल, हा अर्थ दोघांनाही न सांगता कळला.

गॅरंटी हा शब्द आता मराठीच झाला आहे. पावसाची गॅरंटी नसते, एसटी वेळेवर येण्याची नसते. मुलगा उत्तीर्ण होणार हे मात्र आपण गॅरंटीने सांगतो. येथे त्याचा अर्थ केवळ खात्री एवढाच. खात्री ही बोलणाऱ्याच्या मनाची अवस्था आहे. ती खोटी ठरली तरी त्याच्या खिशाला तोशीस पडत नाही. वस्तुतः या शब्दाचा खरा संबंध खिशाशीच आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या 126 व्या कलमानुसार गॅरंटीत तिघे असतात : धनको, ऋणको आणि ऋणकोने न दिल्यास देणे पत्करणारा जामीनदार. करारात वेगळे ठरले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते, असे 128 वे कलम सांगते.

ही कलमे मी वर्गात शिकवीत आलो. तरीही एका सहकाऱ्याच्या कर्जाच्या अर्जावर ‘नुसती सही’ करताना मला ती आठवली नाहीत. हप्ते थकले आणि वसुली माझ्या पगारातून झाली. ही कथा माझ्या एकट्याची नाही. पगारदारांच्या प्रत्येक कार्यालयात ती कोणी ना कोणी सांगेल.

याहून मोठ्या एका गॅरंटीवर आपण सर्वांनीच सही केलेली आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेला महाराष्ट्राने 1977 साली कायद्याचे रूप दिले. 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. काम मागितल्यापासून 15 दिवसांत ते द्यावे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, असे त्यात होते. पुढे 2005 च्या केंद्रीय कायद्यानेही हेच तत्त्व स्वीकारले. या हमीसाठी पैसा उभा करण्याकरिता राज्याने 1975 साली व्यवसाय कराचा कायदा केला. पगारपत्रकावर दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातात, तो हाच कर. तेव्हा हिंगोली जिल्ह्यातील कोरडवाहू गावच्या मजुराचे जामीनदार शिक्षक आणि कारकूनही आहेत.

2023 च्या कर्नाटकातील आणि 2024 च्या लोकसभेच्या निवडणुकांत गॅरंटी या शब्दाची सर्वच बाजूंनी उधळण झाली. त्या साऱ्यांना त्या शेतकऱ्याचा प्रश्न थोडा वाढवून विचारावा : मोडली तर भरणार कोण, आणि किती दिवसांत? ज्या आश्वासनात याचे उत्तर नाही, ती गॅरंटी नव्हे, नुसती खात्री होय. आणि मजुराला मागितलेले काम मुदतीत मिळाले की नाही, हे विचारण्याचा अधिकार हप्ता भरणाऱ्या जामीनदाराला नाही, तर कोणाला?