आट्यांची साक्ष

व्हिक्टोरियाकालीन पितळी खेळण्यातल्या इंजिनावर कर्त्याचं नाव शोधणं हा बहुतेक वेळा फुकटचा उद्योग ठरतो. संग्राहक ज्यांना ‘बर्मिंगहॅम ड्रिबलर’ म्हणतात, ती ही इंजिनं. पितळी नळीचा बॉयलर, खाली स्पिरिटचा दिवा, झोके घेणारे सिलिंडर. ती रुळांवाचून थेट फरशीवर धावत आणि मागे पाण्याची रेघ सोडत. ‘ड्रिबलर’, म्हणजे लाळ गाळणारा, हे नाव त्यावरूनच पडलं. लंडनचं स्टीव्हन्स मॉडेल डॉकयार्ड तयार इंजिनांबरोबर सुटे ओतीव भागही विकत असे, आणि पॅरिसच्या रादिगेचा माल इंग्लंडमध्ये दुकानदाराच्या नावावर खपे. त्यामुळे इंजिनावर नावाची पट्टी असलीच, तरी ती विकणाऱ्याची असू शकते. ओतीव भागांच्या ठेवणीवरून अंदाज बांधावा, तर तोच भाग कुणा हौशी माणसाने घरच्या लेथवरही चढवलेला असू शकतो. खोटं बोलायला ज्याला कुणी शिकवलेलं नसतं असा एकच साक्षीदार इथे उरतो. तो म्हणजे स्क्रूचे आटे.

इंग्लिश अभियंता जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली ५५ अंशांचा आटा सुचवला आणि मोठ्या बोल्टांचा प्रश्न मिटत गेला. बारीक स्क्रूंची बेबंदशाही मात्र चालूच राहिली. तारयंत्रांच्या काळात ती असह्य झाली, तेव्हा ब्रिटिश असोसिएशन (बी.ए.) या विज्ञानसंस्थेने समिती नेमली. स्वतः व्हिटवर्थ तिच्यात होता. तरीही १८८४ साली समितीने उचलली ती जिनिव्हाच्या मार्क थ्युरी या प्राध्यापकाची मांडणी. हा थ्युरी भारीच माणूस. १८५५ साली त्याने प्रेतात्म्यांच्या बैठकांतल्या फिरत्या टेबलांवर पुस्तक लिहून भुतांऐवजी माणसाच्या शरीरातून निघणाऱ्या बळाचा सिद्धान्त मांडला. १८६३ साली गुरांना गोऱ्हा होणार की कालवड, याचा नियम सांगितला. हे दोन्ही आज कुणी मानत नाही. पण स्विस घड्याळवाल्यांचे स्क्रू मोजून त्याने काढलेलं सूत्र टिकलं: पहिल्या स्क्रूचा पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर, १ मि.मी., पुढच्या प्रत्येकाचा आधीच्याच्या नऊ दशांश, आणि आट्याचा कोन साडेसत्तेचाळीस अंश. इंच-फुटांच्या देशाने मिलिमीटरमधला आटा निमूट स्वीकारला, ही मला त्या शतकातली मोठी गंमत वाटते. ब्रिटिश बनावटीचे जुने रेडिओ उघडणाऱ्या आपल्याकडच्या कारागिरांना हेच ‘बी.ए.’ स्क्रू ठाऊक असतात.

आट्यांच्या साक्षीवर पहिला आक्षेप सरळ आहे: स्क्रू बदलता येतो. खरं आहे, पण भोक बदलत नाही. नवा स्क्रू जुन्या भोकात बसवायचा, तर एकतर तोच आटा हवा किंवा भोक मोठं करून पुन्हा आटे पाडायला हवेत, आणि मोठं केलेलं भोक शेजारच्या भोकांपुढे उघडं पडतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बी.ए. आटे विसाव्या शतकातही सर्रास वापरात होते, मग त्यांवरून काळ कसा ठरणार? तो ठरतो एकाच बाजूने. सगळ्या दडलेल्या भोकांत बी.ए. आटे सापडले तर इंजिन १८८४च्या आधीचं असणं जवळपास बाद होतं. ते नंतर किती वर्षांनी झालं, हे आटे सांगत नाहीत. व्हिटवर्थचा आटा सापडला म्हणून इंजिन जुनं, असंही म्हणता येत नाही. शिवाय शून्य क्रमांकाच्या बी.ए. स्क्रूचा व्यास ६ मि.मी. आणि पिच १ मि.मी., म्हणजे मेट्रिकच्या ६ मि.मी. स्क्रूइतकाच. फरक मुख्यतः कोनाचा, कारण आट्यांवरच्या १८९८च्या झुरिक परिषदेने मेट्रिकला ६० अंश दिले. नुसता पिचगेज लावून ‘फ्रेंच’ असा शिक्का मारणाऱ्याने आधी भिंगाखाली कोन पाहावा.

म्हणूनच पुनर्बांधणीच्या नावाखाली सगळी भोकं एका मापाने सरसकट मोठी करणं मला अक्षम्य वाटतं. इंजिन चालण्यासाठीच घडवलं होतं, तेव्हा ते चाललंच पाहिजे, हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण अडचण आट्यांची नसतेच, असते ती बॉयलरची. शिसं-कथलाचा डाख १८३ अंशांना वितळू लागतो. आतलं पाणी संपलं आणि दिवा जळतच राहिला, तर सांधे सुटतात. त्यात पितळेतलं जस्त वर्षानुवर्षं पाण्यात निघून जातं आणि वरून धड दिसणारा पत्रा आतून सच्छिद्र तांब्याचा उरतो. इंजिन पळवायचंच असेल तर चांदीच्या डाखाने जोडलेला नवा तांब्याचा बॉयलर बसवावा आणि जुना जपून ठेवावा. तुटका स्क्रूही भंगारात टाकू नये. चिठ्ठीवर तो कोणत्या भोकातला ते लिहून पाकिटात ठेवावा.