घर बदलतांना जुनें गहाण

भोर-महाड रस्त्यावर घाट उतरतांच लागणाऱ्या वरंधच्या खोऱ्यांत पावसाळा म्हणजे संसाराची कसोटीच. २०२१ च्या जुलैंत याच महाड तालुक्यांतील तळिये येथें दरड कोसळून ऐंशींहून अधिक जीव गेले. तेव्हांपासून डोंगराखालचें घर विकून पुण्याकडे बिऱ्हाड हलवावें, असें एखाद्या कुटुंबवत्सल गृहस्थाच्या मनांत आल्यास नवल नाहीं. पण तें घरच कर्जासाठीं गहाण असेल तर?

सामानाबरोबर कर्जहि उचलून नेतां येईल, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाहीं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणें गहाण हें त्या ठराविक वास्तूला चिकटलेलें असतें. तेव्हां खरेदीदाराच्या पैशांतून प्रथम बँकेची बाकी फेडावी, कागद सोडवून घ्यावेत, आणि मग नव्या घरावर नवें गहाण करावें, हा सरळ मार्ग होय. बँक राजी असल्यास जुन्या तारणाऐवजीं नवें तारण घेऊन तेंच कर्ज पुढें चालवते व वर वाढीव रक्कमहि देते. मात्र ही बँकेची मर्जी, कर्जदाराचा हक्क नव्हे.

खरी फसगत होते ती मुदतींत. समजा, जुन्या कर्जाचे ८ लाख रुपये ८ वर्षांत फेडावयाचे राहिले आहेत आणि व्याज दरसाल दरशेंकडा साडेआठ आहे. मासिक हप्ता सुमारें ११,५०० रुपये. एकूण व्याज सुमारें ३ लाख ५ हजार. हीच बाकी वाढीव कर्जांत मिसळून २० वर्षांवर नेली, तर तिच्या वांट्याचा हप्ता ७,००० च्या आंत येतो. घरांतील मंडळींस हायसें वाटतें! परंतु व्याज ८ लाख ६६ हजारांवर जातें. म्हणजे महिना साडेचार हजारांच्या दिलाशासाठीं साडेपांच लाखांहून अधिक मोजावे लागतात. म्हणून आमचें सांगणें असें कीं, जुनी बाकी जुन्याच मुदतींत फेडावी व केवळ वाढीव रकमेलाच लांब मुदत घ्यावी. दोहोंचा हिशेब बँकेकडून वेगवेगळा लिहून मागावा.

कायद्याचा आधारहि ध्यानांत असावा. व्यक्तींनीं घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाची मुदतीपूर्वीं फेड केल्यास बँकांनीं दंड घेऊं नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०१२ पासूनचा नियम आहे. १ डिसेंबर २०२३ पासून पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत करणें बंधनकारक असून, बँकेच्या दोषानें विलंब झाल्यास दररोज ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते.

वाडवडिलांचें घर सोडणें सोपें नाहीं. पण मुलाबाळांच्या जिवासाठीं तें सोडावेंच लागलें, तर नव्या छपराखालीं त्यांस निर्धास्त झोंप लागावी आणि आपणांस व्याजाच्या काळजीनें जागरण घडूं नये, एवढी तजवीज सही करण्यापूर्वींच करावी.