चार हरणे, एक डोके

मिस्कील चित्र म्हटले की बहुतेक वाचकांना वर्तमानपत्रातील व्यंगचित्र आठवते आणि व्यंगचित्र म्हटले की एखाद्या पुढाऱ्याचे लांबवलेले नाक डोळ्यांसमोर येते. परंतु या कलाप्रकाराच्या शाखा वेगवेगळ्या आहेत आणि त्यांचा गोंधळ झाला की त्यांपैकी सर्वांत निर्मळ शाखेवर अन्याय होतो. खऱ्या व्यक्तीच्या चेहऱ्यातील ठळक लकब वाढवून दाखवते ते अर्कचित्र. चालू घटनेवर टीका करते आणि त्या घटनेचा विसर पडला की ज्याची धार बोथट होते ते राजकीय व्यंगचित्र. आणि ज्याचा रोख कोणाही एका माणसावर नसून रोजच्या व्यवहारातील विसंगतीवर असतो ते हास्यचित्र. मिस्कील चित्र या तिसऱ्या कुळातले आहे. त्याची रीत सांगायला सोपी आणि पाळायला अवघड आहे: चित्रातल्या सगळ्या वस्तू, माणसांची उभे राहण्याची ढब, कपड्यांच्या चुण्या, रस्त्याचा उतार हे सारे जसेच्या तसे ठेवायचे आणि एकच गोष्ट बदलायची. जे बदललेले नाही ते जितके खरे असेल, तितकी बदललेली गोष्ट गमतीची वाटते, आणि म्हणूनच असे चित्र काढणाऱ्याला कल्पनाशक्तीइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, बारीक नजर लागते.

ही रीत आधुनिक मासिकांनी शोधून काढलेली नाही. अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात एका स्तंभाच्या शीर्षावर चार हरणे कोरलेली आहेत आणि त्या चौघांत मिळून डोके एकच आहे. शरीरे चार, प्रत्येकाची ढब निराळी. पाहणाऱ्याने ज्या शरीरावर नजर ठेवावी त्याच्याच मानेवर ते डोके नेमके बसते, आणि नजर हलली की तेच डोके दुसऱ्या हरणाचे होते. धर्मोपदेशाने भरलेल्या त्या लेण्यात या शिल्पाला उपदेशाचे काही काम असेल असे दिसत नाही. हरणांचा कळप नीट पाहिलेल्या आणि छिन्नीवर पूर्ण हुकमत असलेल्या कारागिराने केलेला तो निखळ खेळ आहे. मराठवाड्यातील मिस्कील चित्राचा इतिहास लिहायचा झाल्यास त्याचे पहिले पान या हरणांना द्यावे लागेल.

त्या इतिहासात मराठवाड्यातल्याच बीड जिल्ह्याच्या वाट्याला आलेले पान याहून निराळे आहे. अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत (१५५१–१६१५) यांनी पंचीकरण हा विषय, म्हणजे पाच महाभूतांच्या मिश्रणातून देह आणि सृष्टी कशी घडते याचे वेदान्तातील विवेचन, पोथीच्या पानांवर न लिहिता पासोडीवर लिहिला. पासोडी म्हणजे थंडीत अंगावर घ्यायचे जाड सुती पांघरूण. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा त्या कापडावर आकृत्यांच्या जोडीने केलेले हे लेखन अंबाजोगाईचा मोलाचा ठेवा मानले जाते. दासोपंतांचा हेतू गमतीचा नव्हता, तो पूर्णतः गंभीर होता. तरीही जे पांघरायचे ते वाचायला देणे, म्हणजे घरातील अत्यंत ओळखीच्या वस्तूकडून तिचे नसलेले काम करून घेणे, हीच तर मिस्कील चित्रकाराची मूळ युक्ती आहे, आणि ती या जिल्ह्याच्या मातीत चारशे वर्षांपूर्वी एवढ्या मोठ्या आकारात वापरली गेली याचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

विसाव्या शतकात या युक्तीला मराठीत स्वतंत्र कलेचा दर्जा मिळवून दिला तो शि. द. फडणीस यांनी. त्यांचा जन्म २९ जुलै १९२५ रोजी बेळगाव जिल्ह्यातील भोज या गावी झाला. शालेय शिक्षण कोल्हापुरात आणि कलाशिक्षण मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत झाले, जेथे त्यांनी उपयोजित कला, म्हणजे जाहिरात, वेष्टन, मुखपृष्ठ अशा छापील कामांसाठी लागणारी चित्रकला, हा विषय घेतला. या शिक्षणाचा त्यांच्या रेषेवर झालेला परिणाम कायमचा ठरला. त्या काळी चित्र छापण्यासाठी जस्ताच्या पत्र्यावर आम्लाने कोरलेला ठोकळा करावा लागे आणि रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाचा ठोकळा वेगळा लागे. साध्या कागदावर पुसट छटा गढूळ होत, स्वच्छ रेषा मात्र टिकून राही. ज्याला हे ठाऊक आहे तो चित्रकार रेषा काटकसरीने वापरतो, रंग सपाट लावतो आणि नक्षीचा उपयोग सजावटीसाठी न करता आशय सांगण्यासाठी करतो.

अनंत अंतरकर यांच्या ‘मोहिनी’ मासिकाच्या दिवाळी अंकासाठी पन्नाशीच्या दशकाच्या प्रारंभी फडणीसांनी केलेले मुखपृष्ठ या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. त्यात एक तरुण आहे आणि एक तरुणी आहे. तरुणाच्या सदऱ्यावर मांजरांची नक्षी आहे आणि तरुणीच्या साडीवर उंदरांची. चित्रात याहून अधिक काही सांगितलेले नाही. मांजर-उंदराची छापील नक्षी असलेले कापड कोणत्याही दुकानात मिळू शकले असते आणि तशी दोन माणसे शेजारी येणेही अशक्य नव्हते. म्हणजे निसर्गाचा एकही नियम मोडलेला नाही. तरीही त्या दोन कापडांमध्ये अशी काही ओढाताण सुरू होते की तरुण-तरुणीच्या मनातील न बोललेले सारे पाहणाऱ्याला कळते. सात दशके उलटली तरी हे मुखपृष्ठ मराठी वाचकांच्या स्मरणात राहिले, याचे कारण त्यातील विनोद घटनेवर बेतलेला नसून माणसाच्या स्वभावावर बेतलेला आहे.

फडणीसांनी पुढे हास्यचित्राखालची ओळ जवळजवळ काढूनच टाकली. चित्राखालचे संवाद गेले की चित्राला आपला भार स्वतःच उचलावा लागतो, पण त्याबरोबर भाषेची वेसही ओलांडता येते. ‘हसरी गॅलरी’ या नावाने भरलेल्या त्यांच्या चित्रप्रदर्शनांना आणि ‘चित्रहास’ या प्रात्यक्षिक कार्यक्रमाला जो प्रतिसाद मिळाला त्यात या शब्दहीनतेचा वाटा मोठा आहे. बीडसारख्या जिल्ह्याच्या संदर्भात तर या गोष्टीला विशेष अर्थ आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तेथील राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती, आणि द्वैभाषिक मुंबई राज्यात तो सामील झाला तो थेट १ नोव्हेंबर १९५६ रोजी. घरात देवनागरी, कचेरीत उर्दू आणि जुन्या दस्तांत मोडी अशा तीन लिप्यांत विभागलेल्या, आणि त्यांतली एकही लिपी न येणाऱ्या असंख्य माणसांच्या प्रदेशात, ज्याला कोणतीच लिपी लागत नाही असे चित्र सर्वांना सारखेच वाचता येते. लोकशाहीच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नव्हे.

या चित्रांची सर्वांत खोल पोच मात्र मासिकांतून झाली नाही, ती शाळेतून झाली. सत्तरीच्या दशकात ‘बालभारती’च्या प्राथमिक गणिताच्या पाठ्यपुस्तकांसाठी फडणीसांनी चित्रे काढली आणि पाठ्यपुस्तके राज्यभर एकच असल्यामुळे ती जिल्हा परिषदेच्या शाळांतून गावोगाव पोहोचली. संख्या ही अमूर्त कल्पना आहे. ‘पाच’ असे काही जगात सुटे सापडत नाही, सापडतात ती पाच बोरे किंवा पाच बैल. मुलाच्या मनात बोरांपासून पाचापर्यंत जाण्याची जी उडी असते, तिला आधार देण्याचे काम चित्र करते. येथे चित्रकारावर दुहेरी बंधन येते, कारण चित्र गमतीचे नसेल तर मूल त्याच्याकडे पाहणार नाही, आणि मोजदाद एकाने जरी चुकली तरी गणितच खोटे पडेल. खोडकरपणा आणि अचूकपणा एकाच रेषेत नांदवण्याचे हे काम मुखपृष्ठापेक्षा कठीण आहे, आणि फडणीसांच्या एकूण कामगिरीत त्याला अग्रस्थान द्यायला हवे. ‘रेषाटन’ या त्यांच्या आत्मकथनाच्या नावात रेषा आणि पर्यटन यांचा जो मेळ आहे, तो या गावोगाव गेलेल्या रेषेला अक्षरशः लागू पडतो.

रोजच्या तऱ्हेवाईक गोष्टी टिपण्याची दुसरी एक पद्धत गोव्याच्या मारिओ मिरांडा यांच्याकडे दिसते. त्यांचा जन्म २ मे १९२६ रोजी दमण येथे झाला आणि घर गोव्यातील लोटली या गावी होते. लहानपणी ते घराच्या भिंतींवर चित्रे काढत असल्याचे पाहून आईने त्यांना एक कोरी वही आणून दिली. तिचीच पुढे रोजनिशी झाली, आणि माणसे जेथे दिवसभराचा वृत्तांत शब्दांत लिहितात तेथे मारिओ तो चित्रांत लिहू लागले. गावातले पाद्री, लग्नाची वऱ्हाडे, बाजारात भांडणाऱ्या बायका, कोणाच्याही समारंभात न बोलावता शिरणारी कुत्री हे सारे त्या वह्यांत आहे. १९४९, १९५० आणि १९५१ या वर्षांच्या रोजनिशा पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या आणि त्या पाहिल्या की मुंबईतील कॅफे मोंडेगारच्या भिंतींवर त्यांनी रंगवलेली गजबज कोठून आली हे समजते. फडणीस एकच गोष्ट निवडतात आणि बाकीचे पान मोकळे ठेवतात. मारिओ पान काठोकाठ भरतात आणि नजरेला त्यात हिंडायला लावतात. कोल्हापूरचे वसंत सरवटे (१९२७–२०१६), जे व्यवसायाने स्थापत्य अभियंता होते, त्यांनी ‘ललित’ मासिकातून आणि जयवंत दळवींच्या ‘ठणठणपाळ’ या पात्राला दिलेल्या रूपातून मराठी साहित्यव्यवहारच आपल्या नजरेखाली घेतला. रेषा तिघांच्या तीन तऱ्हांच्या आहेत, परंतु तिघांनीही विषयासाठी दूर जाण्याची गरज मानली नाही.

मग बीडच्या रस्त्यावर असा चित्रकार उभा राहिला तर त्याला काय दिसेल? दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी निघालेल्या गाड्या दिसतील: ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत धान्याची पोती, पाण्याचे हंडे, अंथरुणे, कोंबड्या, शेळी आणि या सर्वांच्या वर बसलेली मुले, म्हणजे एक संपूर्ण घर, ज्याला फक्त भिंती नाहीत. कारखान्याच्या वाटेवर उसाने लादलेली बैलगाडी समोरून पाहिली तर गाडी दिसतच नाही. दोन बैल एक हिरवी टेकडी ओढून नेत आहेत असे वाटते. २०१३ आणि २०१५ साली परळीचे औष्णिक वीजकेंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले, तेव्हा आकाशाला भिडणाऱ्या चिमण्या धुराविना नुसत्या उभ्या होत्या, जणू हंड्यांच्या रांगेत त्यांनीही आपला नंबर लावला होता. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी आले. ज्या डब्यांत एरवी तेल असायचे त्यांतून पाणी उतरताना पाहिलेल्या मुलाला नदी रुळांवरून येते असे चित्र सुचले असते, तर त्यात त्याची कल्पना किती आणि वस्तुस्थिती किती हे सांगणे अवघड गेले असते. दुष्काळात चारा छावण्या उभ्या राहतात तेव्हा जनावरे मध्यभागी राहतात आणि माणसे त्यांच्या आश्रयाला येऊन झोपतात. गोठा घराच्या मागे असतो हा गावाचा नेहमीचा नकाशाच उलटा होतो.

या सर्वांहून विलक्षण चित्र भाषेनेच काढून ठेवले आहे. ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात आणि एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’. मुकादम उचल देतो, म्हणजे हंगामापूर्वी मजुरीपोटी आगाऊ रक्कम देतो, ती कोयत्याच्या हिशेबाने; टोळीत माणसे किती हे कोयत्यांच्या संख्येने सांगितले जाते. अजिंठ्याच्या कारागिराने चार शरीरांना एक डोके दिले. येथे दोन माणसांना मिळून एक हत्यार हे नाव मिळाले आहे. तंत्राच्या दृष्टीने दोन्ही रचना एकसारख्या आहेत, परंतु पहिली पाहून ओठांवर हसू येते आणि दुसरी रेखाटली तर पाहणारा थबकेल. मिस्कील चित्राची रीत केवळ हसवण्यापुरती नसते, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही. बाकी सारे खरे ठेवून एकच गोष्ट बदलण्याची ती रीत अशा ठिकाणी वापरताना चित्रकाराला काहीच बदलावे लागत नाही. दोन माणसांच्या जागी एक कोयता काढला की व्यवहार जसा आहे तसाच कागदावर येतो. मात्र असे चित्र काढण्याचा अधिकार कष्टाकडे वरून पाहणाऱ्याला पोहोचत नाही. फडणीस आणि मारिओ यांच्या रेषेत माणसाविषयी जो जिव्हाळा आहे, तो येथे पूर्वअट म्हणून लागतो, आणि तो ज्याच्याकडे उपजत आहे तो चित्रकार बहुधा त्या ट्रॉलीवरच बसलेला असतो.

आई-वडील ऊसतोडीला गेल्यावर मुलांची शाळा सुटू नये म्हणून बीड जिल्ह्यात हंगामी वसतिगृहे चालवली जातात. तेथे मुलांना पाठ्यपुस्तके मिळतात, जेवण मिळते. त्यांच्या हाती एक कोरी वही आणि एक पेन्सिलही द्यावी, तीत काय काढावे हे सांगू नये, आणि हंगाम संपल्यावर त्या वह्या रद्दीत न घालता शिक्षकांनी शाळेच्या कपाटात जपून ठेवाव्यात, एवढीच विनंती आहे.