परभाषेंत घरची गोष्ट

आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं गेल्या चातुर्मासांत एक लहानसा प्रसंग घडला. त्यांची नात महाविद्यालयांत शिकते व इंग्रजींत कथा लिहिते. रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर तिनें आपली नवी कथा आजीबाईंना मराठींत सांगत सांगत वाचून दाखविली. कथा एका जोडप्याच्या रुसव्याफुगव्याची होती. आजीबाईंनीं सारें लक्षपूर्वक ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "छान आहे हो, पण ही बाई नवऱ्याला 'अहो' म्हणते कीं 'अरे', तें कांहीं कळलें नाहीं." नात निरुत्तर झाली. इंग्रजींत 'तूं' आणि 'तुम्ही' या दोहोंना एकच शब्द. त्यामुळें तिनें तें मनाशीं ठरविलेंच नव्हतें!

परभाषेंत कथा लिहूं पाहणाऱ्या प्रत्येकाची खरी अडचण या साध्या प्रश्नांत सांठवलेली आहे, असें आम्हांस वाटतें. व्याकरण अभ्यासानें साधतें. शब्दसंग्रह वाचनानें वाढतो. जोसेफ कॉनरॅड याचें उदाहरण सर्वश्रुत आहे. 1857 सालीं एका पोलिश कुटुंबांत जन्मलेला हा गृहस्थ 1878 मध्यें इंग्लंडच्या किनाऱ्यास लागला, तेव्हां त्यास इंग्रजी जेमतेमच येत होतें. 1895 सालीं त्याची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली, आणि पुढें इंग्रजीच्या थोर कादंबरीकारांत त्याची गणना झाली. त्याचे उच्चार मात्र अखेरपर्यंत परकेच राहिले. पण येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. कॉनरॅडनें ब्रिटिश व्यापारी जहाजांवर अनेक वर्षें नोकरी केली होती. तो ज्या जहाजांच्या व खलाशांच्या कथा लिहीत होता, त्या जहाजांवरील जीवनच इंग्रजींत चाललें होतें. त्याची भाषा परकी होती. पण विषय त्याच भाषेंत जगलेला होता.

आपल्याकडील लेखकाचें तसें नाहीं. त्याची गोष्ट माजघरांत घडते, आणि माजघर मराठी बोलतें. आत्या, मावशी, काकू आणि मामी या चौघींचे मान निरनिराळे, रुसवे निरनिराळे. इंग्रजींत चौघींना नातें एकच. घरांतून निघतांना आपण 'येतों' म्हणतों. त्याचें शब्दशः भाषांतर केलें तर अर्थ उलटतो, आणि 'जातों' असें केलें तर त्यांतील शुभचिंतन नाहींसें होतें. बांगडी फुटली तरी आपण ती 'वाढवली' म्हणतों. त्या एका शब्दामागें केवढी भीति व केवढी माया आहे! हें सर्व गाळून लिहिलेली कथा शुद्ध असेल. पण तींतलीं माणसें मुकीं असतील.

बंकिमचंद्रांनीं 1864 सालीं 'राजमोहन्स वाइफ' ही कादंबरी इंग्रजींत लिहिली. कलकत्ता विश्वविद्यालयाच्या अगदीं पहिल्या पदवीधरांपैकीं ते एक. त्यांचें इंग्रजी कच्चें असण्याचा संभवच नव्हता. तथापि दुसऱ्याच वर्षीं त्यांची 'दुर्गेशनंदिनी' बंगालींत आली, आणि पुढें त्यांची कीर्ति ज्या कादंबऱ्यांवर उभी राहिली, त्या सर्व बंगालीच. ज्यांची गोष्ट सांगावयाची त्यांच्याच कानीं ती पडावी, ही ओढ आम्हांस त्यांत दिसते.

मग इंग्रजींत लिहूंच नये काय? असा निष्कर्ष काढणें उतावीळपणाचें होईल. राजा राव यांनीं 1938 सालीं 'कांथापुर' लिहिली, तेव्हां दक्षिणेकडील एका खेड्यांतील वृद्धेच्या तोंडीं सारी कथा घातली. ओसरीवर बसून आजीबाई एकांतून एक गोष्ट काढीत जातात, तशीं तींतलीं वाक्यें न थांबतां चालतात. त्यांनीं इंग्रजीला आपल्या ओसरीवर आणून बसविलें. आपल्या महाराष्ट्रांतील वेणू चितळे यांचें नांव आज फारसें कोणाच्या ऐकण्यांत नसतें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत त्या लंडनला बी. बी. सी.मध्यें काम करीत होत्या. 1950 सालीं त्यांची 'इन ट्रान्झिट' ही कादंबरी निघाली. विषय कोणता, तर पुण्यांतील एका ब्राह्मण एकत्र कुटुंबाच्या तीन पिढ्या! पुढें किरण नगरकर यांनीं 1974 सालीं 'सात सक्कं त्रेचाळीस' मराठींत लिहून 1995 सालीं 'रावण अँड एडी' इंग्रजींत लिहिली. तींत मुंबईची चाळ आहे. आपलें घर, आपली चाळ परभाषेंत नेतां येते, हें या मंडळींनीं दाखवून दिलें आहे.

आमचें सांगणें एवढेंच. इंग्रजींत लिहिणाऱ्या तरुणांनीं पात्र आधीं मराठींत बोलतांना ऐकावें, मग लेखणी उचलावी. जो शब्द भाषांतरांत मरतो, तो खुशाल तसाच ठेवावा. वाचक संदर्भानें तो शिकतो, जसे आपण इंग्रजी कादंबऱ्यांतून कितीतरी शब्द शिकलों. आणि वडील मंडळींनीं 'इंग्रजीचें वेड' म्हणून नाकें न मुरडतां त्या कथा मराठींत सांगावयास लावून ऐकाव्या. ज्या घरांत मराठी बोलणें थांबतें, तेथील मुलाला इंग्रजींतही घरची गोष्ट लिहितां येणार नाहीं. कारण ऐकलेलेंच माणूस लिहितो.

त्या नातीनें पुढें कथा बदलली, असें कळतें. आतां तिची नायिका नवऱ्याला हांकच मारीत नाहीं; नुसतें बांगड्या वाजवून त्याचें लक्ष वेधते. ती ऐकतांच आजीबाई हंसल्या आणि म्हणाल्या, "आतां ओळखली हो मी हिला!"