जुन्या नळीला कोणतं काडतूस मानवतं?

मे महिन्यातल्या दुपारी ढाणकीत टिनाखाली ठेवलेल्या लोखंडी पेटीला हात लावून पाहा, चटका बसतो. त्या पेटीत आजोबांच्या वेळची परवान्याची रायफल आणि मूठभर काडतुसं असतील, तर या लेखाचा निम्मा विषय तिथंच आहे. निवडणूक आली की रायफल ठाण्यात जमा होते, निकाल लागला की परत येते. एरवी तिची आठवण कोणाला होत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचे दिवस संपवले. आता ती बाहेर निघालीच तर रानडुकरांनी ऊस लोळवल्यावर किंवा रोह्यांनी तूर फस्त केल्यावर, आणि तेही वनखात्याची लेखी परवानगी हातात असेल तर. मग घरात चर्चा सुरू होते: हिचा नेम अजून लागतो का?

प्रश्न थोडा चुकतो. नेम एकट्या रायफलीचा नसतो, नळी आणि काडतूस या जोडीचा असतो. एखाद्याला बाजरी मानवते, एखाद्याला ज्वारी, तसंच नळीचंही आहे. फक्त इथं मानवण्यामागे पक्कं भौतिकशास्त्र आहे.

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या परवान्यांवर .३१५ हा आकडा दिसतो. इंग्रजांना फौजी .३०३ची काडतुसं रयतेच्या हाती नको होती, म्हणून ऑस्ट्रियाच्या जुन्या मानलिकर रायफलीचं ८ मिलिमीटरचं काडतूस शिकारीसाठी पुढे आलं आणि इथं .३१५ या नावानं रुजलं. रायफल इशापूरच्या कारखान्यातली. (पैनगंगेवरच्या धरणाचं इसापूर नव्हे, हे बंगालमधलं.) काडतूस मात्र आपल्या पुण्याजवळच्या खडकीचं. गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे जवळपास १६ ग्रॅमची: लांबट, जड, बोथट नाकाची. ग्रेन हे मूळचं धान्याच्या दाण्याचं वजन, आपल्या सोनाराच्या गुंजेच्या साधारण निम्मं.

ही लांबी महत्त्वाची. नळीच्या आत कोरलेले पिळाचे आटे गोळीला भोवऱ्यासारखं फिरवतात. फिरली नाही तर ती हवेत कोलांट्या खाते. गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट हवा. इंग्लंडमधल्या वुलिच इथं तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवणाऱ्या ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये यासाठी एक सोपं सूत्र दिलं आणि ते अजून वापरात आहे. .३०३च्या नळीत दर दहा इंचांना एक वेढा असतो. तिची ७४४ मीटर वेगानं सुटणारी गोळी सेकंदाला २,९००हून अधिक वेळा स्वतःभोवती फिरते. पीळ एकदा कोरला की बदलता येत नाही. म्हणजे कोणती गोळी चालेल याचा निम्मा निकाल कारखान्यातच लागलेला असतो. निशाणाच्या कागदावर गोल भोकाऐवजी लांबट, आडवं भोक दिसलं, तर गोळी आडवी होऊन लागली असं समजावं. एक तर गोळी त्या पिळाची नाही, किंवा आटे झिजून गेले आहेत.

गोळी बदलली की सगळं बदलतं, हे खुद्द ब्रिटिश फौजेनं अनुभवलं. १९१० मध्ये .३०३ची २१५ ग्रेनची बोथट गोळी जाऊन १७४ ग्रेनची टोकदार गोळी आली आणि रायफलींच्या नेमपट्टीवरच्या अंतराच्या खुणा नव्यानं आखाव्या लागल्या. रायफल तीच, माशी तीच, पण गोळी वेगळ्या जागी पडू लागली.

सर्वांत हट्टी असायच्या त्या साहेबांच्या आणि संस्थानिकांच्या दुनळी रायफली. दोन्ही नळ्या एकाच जागी मारतील अशा जुळवायला कारागीर गोळ्या झाडून बघत, नळ्यांमधली पाचर सरकवत, पुन्हा डाख देत. ही जुळणी एकाच भरणीसाठी, म्हणजे दारू आणि गोळीच्या एकाच मापासाठी असे. भरणी सौम्य झाली की गोळी नळीत क्षणभर जास्त रेंगाळते, तेवढ्यात धक्क्यानं नळी बाहेरच्या बाजूला कलते आणि दोन गोळ्या फाकतात. भरणी तेज झाली तर त्या एकमेकींना ओलांडतात. म्हणून कॉर्डाइट ही दारू किती ग्रेन आणि गोळी किती ग्रेन, हे पुष्कळदा रायफलीवरच कोरलेलं असे. जुन्या रायफलीला काय मानवतं हे शोधणाऱ्यानं आधी भिंग घेऊन तिच्यावरची अक्षरं वाचावीत. आपल्याकडे ते सोडून सल्लेच फार मिळतात.

आता त्या तापलेल्या पेटीकडे. कॉर्डाइट म्हणजे नायट्रोग्लिसरीन, गनकॉटन आणि चक्क व्हॅसलीन यांच्या दोऱ्या. ही दारू तापली की जास्त झपाट्यानं जळते आणि नळीतला दाब वाढतो. काडतुसाचं पितळ फुगून नळीतल्या आपल्या घरात अडकतं, आणि समोर जखमी वाघ असताना रिकामं काडतूस निघत नाही. त्यामुळे किनॉकसारख्या कंपन्या हिंदुस्थान आणि आफ्रिकेसाठी मुद्दाम कमी दारूची ‘ट्रॉपिकल’ काडतुसं भरत. आजची दारू वेगळी आहे, पण उन्हाचा असर तिच्यावरही होतो, कमीजास्त एवढंच.

उन्हानं किंवा भरणीनं पडणारा वेगातला फरक नेमात किती उतरतो? .३१५चा वेग ढोबळमानानं सेकंदाला ६०० मीटर धरू. १०० मीटर जाईपर्यंत गोळी सुमारे १५ सेंटिमीटर खाली येते. एखादं काडतूस १५ मीटरनं मंद निघालं तर पाऊण सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणजे काहीच नाही. ३०० मीटरवर मात्र तोच फरक ९ सेंटिमीटरच्या घरात जातो. उसाच्या धुऱ्यावर ५०-६० मीटरवरून नेम चुकला, तर दोष दारूच्या मापात शोधण्यात अर्थ नाही. गंजलेली नळी, सैल झालेला दस्ता किंवा आपला हात, यांतलं काहीतरी असतं.

गंजाचं कारणही गमतीचं आहे. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार झाला की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं, मिठाचं सख्खं भावंड. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पावसाळाभर पोलाद खातं. तेलात ते विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. जुने शिकारी नळीत उकळतं पाणी ओतायचे ते याचसाठी. नुसतं तेल पुसणाऱ्यांच्या नळ्या आतून खड्डे पडून गेल्या.

चांगलं काडतूस निवडताना सर्वांत मोठी फसवणूक मात्र अंकगणित करतं. तीन बार काढले, तिन्ही भोकं रुपयाएवढ्या जागेत, की माणूस खूश. पण त्याच रायफलीनं, त्याच काडतुसांनी दहा बार काढले तर घोळका सरासरी दीडपटीहून मोठा निघतो. रायफल बिघडलेली नसते, तीन बारांत तिचा खरा फैलाव दिसलेलाच नसतो. चार-पाच प्रकारची काडतुसं तीन-तीन बारांनी तपासून त्यांतलं ‘उत्तम’ निवडणं म्हणजे बऱ्याचदा नशिबालाच बक्षीस देणं. अमेरिकेतले डॉक्टर फ्रँकलिन मान यांनी काँक्रीटच्या ओट्यावर नळी पक्की बसवून वर्षानुवर्षं बार काढले, आणि गोळीच्या बुडाशी असलेला लहानसा दोषही तिला वाट चुकवतो हे १९०९च्या ग्रंथात दाखवलं. तेवढी चैन आपल्याला नाही. परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं, हे लिहिलेलं असतं. म्हणून एकाच प्रकारची, शक्यतो एकाच खेपेची काडतुसं घ्यावीत आणि अधिकृत रेंजवर दहा बारांचा एकच कागद करून तो जपून ठेवावा.

त्याआधी नळी परवानाधारक कारागिराला दाखवा. काडतुसं घरी उघडून दारू कमीजास्त करू नका, जुनं पोलाद चुकीची दुसरी संधी देत नाही. हिरवट पडलेली काडतुसं झाडून पाहू नका, ठाण्यात विचारून रीतसर जमा करा. आणि ती पेटी आजच टिनाखालून काढून मातीच्या भिंतीच्या खोलीत ठेवा, कुलूप लावून.