घरचं इंटरनेट – लेखांक ९ : जाहिरात राउटरवर अडवायची की ब्राउझरमध्ये?

मागच्या आठवड्यात राउटरचा पासवर्ड बदलला. सेटिंगच्या त्या पानावर एकदा पोचलं की पुढचा मोह ठरलेला असतो: जाहिरातीही इथंच बंद कराव्यात, म्हणजे घरातले सगळे फोन आणि टीव्ही एका फटक्यात सुटतील. सुटतात, पण अर्धेच.

फोनला कुठल्याही साइटवर जायचं असेल तर तो आधी डीएनएस सर्व्हरला पत्ता विचारतो. फलटणच्या एसटी स्टँडवर आपण चौकशीच्या खिडकीशी ‘दहिवडीची गाडी कुठं लागते?’ म्हणून विचारतो, तसंच. पाय-होल किंवा अ‍ॅडगार्ड होम ही मोफत सॉफ्टवेअर म्हणजे या खिडकीत बसवलेला आपला माणूस. रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या संगणकावरही ती चालतात; राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून त्या संगणकाचा पत्ता भरायचा. ओळखीच्या जाहिरात-सर्व्हरचं नाव कुणी विचारलं की हा माणूस सांगतो, अशी गाडीच नाही. त्यामुळे क्रिकेटच्या स्कोअरचं अ‍ॅप असो, पोरांचा गेम असो की टीव्हीचा होम स्क्रीन, बऱ्याच जाहिराती तिथं पोचतच नाहीत.

पण खिडकीतल्या माणसाला गाडीचं नाव कळतं, आत कोण बसलंय ते दिसत नाही. यूट्यूबचा व्हिडिओ आणि त्यातली जाहिरात एकाच गाडीतून येतात. गाडी थांबवली तर कीर्तनही बंद. म्हणून पाय-होल बसवूनही यूट्यूबच्या जाहिराती चालूच राहतात. शिवाय काही टीव्ही खिडकीकडे फिरकतच नाहीत; गुगलच्या डीएनएसचा पत्ता त्यांच्यात कारखान्यातूनच भरलेला असतो.

गुगलवर शोधल्यावर सर्वात वर येणाऱ्या ‘प्रायोजित’ दुव्यांचंही तेच. ते गुगलच्याच पानातून येत असल्यामुळे जागचे हलत नाहीत; फार तर दाबल्यावर उघडत नाहीत. आणि माझ्या मते खरा धोका याच जागी आहे. बँकेचा ग्राहकसेवा क्रमांक शोधणाऱ्याला खोटा क्रमांक गाठतो तो अनेकदा इथंच. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने अशा तोतया जाहिरातींबद्दल इशारा दिला, तेव्हा जाहिरात अडवणारं एक्स्टेन्शन वापरा, असं लोकांना चक्क सांगितलं होतं.

एक्स्टेन्शन ब्राउझरच्या आत बसतं, त्यामुळे त्याला पूर्ण पान दिसतं. प्रायोजित दुवा ते उचलून टाकतं, रिकामी चौकट मिटवतं, यूट्यूबशीही बऱ्यापैकी झुंजतं. यातलं सर्वात भरवशाचं म्हणजे कॅनडाच्या रेमंड हिल यांचं, २०१४ पासूनचं यूब्लॉक ओरिजिन. मोफत आहे, आणि हिल देणग्याही घेत नाहीत. क्रोमने मात्र नियम बदलून त्याला बाहेर काढलं. तिथं आता त्याची ‘लाइट’ आवृत्ती चालते, जिचे हात थोडे बांधलेले आहेत. फायरफॉक्समध्ये मूळ आवृत्ती अजून चालते, अँड्रॉइड फोनवरसुद्धा. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शनची सोयच नाही. अर्थात ब्राउझरबाहेरच्या अ‍ॅपमध्ये एक्स्टेन्शनचं काही चालत नाही.

मग दोन्ही? सवड असेल तर जरूर. पण पाय-होलला सांभाळणारा माणूस लागतो. वीज गेली, इन्व्हर्टरवर राउटर चालू राहिला आणि तो छोटा संगणक मात्र बंद पडला, की घरात ‘नेट गेलं’ म्हणून ओरडा. एखादं तिकीट बुक होईना, तरी संशय त्याच्यावरच. सांभाळणारं पोरगं पुण्याला नोकरीला असेल, तर हे दुखणं आई-वडिलांच्या गळ्यात मारू नये. त्यातही घराबाहेर पडून फोन मोबाइल डेटावर गेला, की घरच्या खिडकीचा उपयोग संपतो.

यावर मधला मार्ग आहे आणि बहुतेक घरांना तोच पुरेल. अँड्रॉइड ९ पासून नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ हा पर्याय मिळतो. तिथं अ‍ॅडगार्डच्या मोफत डीएनएसचं नाव भरलं की घरचं वायफाय असो वा शेतातला मोबाइल डेटा, अ‍ॅपमधल्या पुष्कळ जाहिराती थांबतात. किंमत एवढीच, की तुमचा फोन कुठल्या साइटचे पत्ते विचारतो ते त्या कंपनीला कळतं. तुमची इंटरनेट कंपनी आजवर हेच पाहत आली आहे, तेव्हा भरवसा कुणावर ठेवायचा ते तुम्ही ठरवा. यासोबत फायरफॉक्स आणि यूब्लॉक बसवलं की मोठं काम झालं.

आता थोडं दुसऱ्या बाजूने. फलटण-साताऱ्याच्या बातम्या देणाऱ्या छोट्या साइट जाहिरातींवर चालतात. आपल्याला जी उपयोगी वाटते तिच्या जाहिराती दिसू द्याव्यात, असं मला वाटतं. यूब्लॉकमध्ये ती साइट उघडून मोठं बटण दाबलं की तेवढ्या साइटपुरता अटकाव उठतो. पाय-होलला हे जमत नाही, कारण जाहिरात कुठल्या पानासाठी मागवली आहे ते त्याला ठाऊकच नसतं. तिथं जाहिरात-सर्व्हरचं नाव मोकळं केलं, तर स्थानिक बातमीदारासोबत त्या सर्व्हरच्या जाहिराती लावणारी बाकीची प्रत्येक साइटही मोकळी होते.