वापरसुलभतेचे मूल्यमापन : घरगुती ग्लुकोमीटरचे उदाहरण

एखादे उपकरण चांगले आहे, असे आपण सहज म्हणतो. परंतु ते कोणासाठी, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या परिस्थितीत चांगले, हे प्रश्न बहुधा विचारत नाही. वापरसुलभतेचा अभ्यास याच प्रश्नांपासून सुरू होतो. रक्तातील साखर घरच्या घरी मोजणाऱ्या, तळहातावर मावणाऱ्या ग्लुकोमीटरच्या आधारे ही संकल्पना आपण समजून घेऊ.

१. निकष

आयएसओ ९२४१-११ हे आंतरराष्ट्रीय मानक वापरसुलभतेचे तीन निकष सांगते. काम अचूकपणे व पूर्ण होणे म्हणजे परिणामकारकता. त्यासाठी वेळ व श्रम बेताचे लागणे म्हणजे कार्यक्षमता. वापरणाऱ्याची अपेक्षा पुरी होणे म्हणजे समाधान. ‘वापरकर्त्याचा अनुभव’ ही संकल्पना याहून व्यापक आहे. सुई टोचण्यापूर्वीची धास्ती, आकडा पाहून मिळणारा दिलासा, चारचौघांत उपकरण बाहेर काढताना वाटणारा संकोच, या साऱ्यांचा तिच्यात समावेश होतो.

२. निकषांचे उपयोजन

दृष्टी मंदावलेल्या आणि केवळ मराठी वाचणाऱ्या एका आजींची कल्पना करा. रक्तातील साखर मापनाच्या मर्यादेपलीकडे वाढली, तर अनेक ग्लुकोमीटरांवर आकड्याऐवजी ‘एच’ आणि ‘आय’ ही रोमी अक्षरे उमटतात. ती मर्यादेखाली गेली, तर ‘एल’ आणि ‘ओ’. दोन्ही धोक्याच्या सूचना आहेत. आजींना मात्र यंत्र बिघडले असे वाटेल, तर शेजारी बसलेला नातू पहिल्या सूचनेला अभिवादन समजेल. उपकरण नकळत उलटे धरले, तर पडद्यावरील १०२ हा आकडा २०१ असा वाचला जाऊ शकतो. फळ खाऊन हात न धुता बोट टोचले, तर बोटावरील साखरेमुळे आकडा फुगतो; परंतु हात धुण्याची सूचना बहुधा माहितीपत्रकातच राहते.

इन्सुलिनची मात्रा अनेकदा याच आकड्यावरून ठरते. म्हणून मापन अचूक असूनही वाचन चुकले, तर उपकरण परिणामकारक ठरत नाही. अशा वेळी ‘चूक वापरणाऱ्याची’ असा निष्कर्ष काढणे अभ्यासाच्या दृष्टीने घाईचे होय. तीच चूक अनेकांकडून होत असेल, तर तिचे मूळ रचनेत शोधावे.

३. मूल्यमापनाची पद्धत

याकोब निल्सन या अभ्यासकांनी सुमारे पाच व्यक्तींच्या छोट्या चाचण्या पुन्हा पुन्हा घेण्याचा पुरस्कार केला. अशा चाचणीत पुढील गोष्टी पाळाव्यात :

(अ) प्रत्यक्ष वापरणाऱ्या व्यक्तीच निवडाव्यात.
(आ) ‘साखर मोजून आकडा सांगा’ असे निश्चित काम द्यावे आणि मनातले विचार मोठ्याने बोलण्यास सांगावे.
(इ) मध्येच मदत करू नये. लागलेला वेळ, झालेल्या चुका आणि अडखळण्याच्या जागा नोंदवाव्यात.
(ई) शेवटी त्यांना काय वाटले ते विचारावे.

सारांश, वापरसुलभता केवळ उपकरणात नसते. ती उपकरण, माणूस आणि परिस्थिती यांच्या संबंधात असते. त्या संबंधात भाषेचा वाटा किती मोठा असतो, हे भाषेचे विद्यार्थी म्हणून आपण विशेष लक्षात घ्यावे.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न : आपल्या घरातील एखादे हातात धरून वापरायचे उपकरण निवडा. त्यावरील कोणती सूचना घरातील कोणाला कळत नाही, ते पाहा व ती सूचना मराठीत पुन्हा लिहा.